मोकळी हत्यारे : छापखान्यातील खिळ्यापासून जावाच्या कार्यशाळेपर्यंत मराठी अक्षर



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते त्यांच्या हाताखाली मी बोरूने कित्ता गिरवला. पुढे आयुष्यभर मराठीचे अध्यापन केले. अशा माणसाने संगणकाच्या आज्ञावलींवर, त्यातही जावा आणि वेब यांसाठी लागणाऱ्या मुक्त स्रोत साधनांवर बोलावे, याचे काहींना नवल वाटेल. पण या शाळेचे बरेचसे माजी विद्यार्थी आज पुण्यात, बंगळुरात आणि परदेशांत हीच हत्यारे हाती धरून उपजीविका करतात. शिवाय अक्षर कोणत्या साधनाने उमटते आणि त्या साधनावर हक्क कोणाचा, हा प्रश्न भाषेच्या इतिहासाचाच आहे. तेव्हा मी तंत्रज्ञाच्या नव्हे, भाषेच्या अभ्यासकाच्या नात्याने हा इतिहास सांगणार आहे.

आरंभ छापखान्यापासून करू. मुंबईत अमेरिकन मिशनच्या छापखान्यात धर्मप्रसाराची मराठी पुस्तके छापली जात होती. ती पाहून गणपत कृष्णाजी यांनी स्वतःचा छापखाना उभारला, शाई स्वतः तयार केली आणि १८३१ साली शिळाप्रेसवर मराठी पंचांग छापले. पुढे त्यांनी खिळेही पाडले. गोविंद नारायण माडगावकरांनी १८६३ च्या 'मुंबईचे वर्णन' या ग्रंथात या खटपटीची दखल घेतली आहे. यंत्र डोळ्यांसमोर उघडे होते. दाब कोठून पडतो, रूळ कसा फिरतो हे पाहता येत होते. म्हणून एका बुद्धिमान कारागिराला ते समजून घेऊन पुन्हा घडवता आले. १८६९ साली जावजी दादाजींनी निर्णयसागर छापखाना काढला आणि त्यांच्या ओतशाळेतील देवनागरी खिळे देशभरच्या मुद्रकांनी वापरले. खिळा एकदा विकत घेतला की तो मुद्रकाचा. त्याने त्यावर पंचांग छापावे, वर्तमानपत्र छापावे, की लग्नपत्रिका, हे ओतारी विचारायला येत नसे. १९१९ साली बाबूराव ठाकुरांनी बेळगावात 'तरुण भारत' सुरू केले त्या काळी मजकूर जुळवणाराच्या हाती असे खिळेच होते.

संगणक आला तेव्हा हा व्यवहार उलटा झाला. १९८८ साली पुण्यात 'सी-डॅक' ही संस्था स्थापन झाली आणि भारतीय लिप्यांसाठी 'इस्की' या नावाची सांकेतिक अंकपद्धती पुढे आली. १९९१ साली तिला भारतीय मानकाचा दर्जा मिळाला. तिच्यातील एक गोष्ट आपल्या भागाने मुद्दाम लक्षात ठेवण्यासारखी आहे. या पद्धतीत देवनागरी 'क' आणि कानडी 'क' यांना एकच अंक होता! लिपी बदलण्याची खूण केली की तोच मजकूर दुसऱ्या लिपीत दिसे. युनिकोडने पुढे लिप्यांना स्वतंत्र घरे दिली, पण घरातील मांडणी तीच ठेवली. देवनागरी 'क'चा अंक २३२५, कानडी 'क'चा ३२२१. अंतर ८९६. 'ग'चे, 'म'चे, 'ळ'चे अंतरही ८९६ च. बेळगावच्या बाजारपेठेत या दोन लिप्या एकाच पाटीवर खालीवर नांदतात; अंकांच्या जगातही त्या समांतर ओळींत उभ्या आहेत.

मानक झाले तरी व्यवहार मात्र त्याप्रमाणे चालला नाही. नव्वदच्या दशकात छपाईसाठी जे मराठी फॉन्ट विकले गेले त्यांतील बहुतेकांनी आपापली गुप्त अंकव्यवस्था केली. रोमन अक्षरांच्या जागांवर मराठी अक्षरांचे तुकडे बसवले : एका जागी काना, दुसऱ्या जागी अर्धा 'स', तिसऱ्या जागी रफार. ज्याच्यापाशी तो फॉन्ट आहे त्यालाच मजकूर दिसे. इतरांना निव्वळ रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा चिवडा. माझ्या सीमाभागातील लोकगीतांवरील लेखांचा एक संग्रह १९९६ साली असाच एका दुकानात जुळवला गेला. तेरा वर्षांनी दुसरी आवृत्ती काढायची वेळ आली तेव्हा तबकड्या शाबूत होत्या, त्यांतील अंकही शाबूत होते, पण त्या अंकांना मराठी म्हणून ओळखणारी आज्ञावली बाजारातून नाहीशी झाली होती. विक्रेत्याने हात वर केले. अखेर संग्रह पुन्हा पहिल्यापासून जुळवावा लागला. पाटीपुस्तकाच्या काळातही असे कधी झाले नव्हते, की कागद हाती आहे, शाई पुसलेली नाही, आणि तरी वाचता येत नाही.

नेमक्या याच अडचणीच्या वेगळ्या रूपातून एक चळवळ अमेरिकेत आधीच जन्मली होती. १९८० च्या सुमारास मॅसॅच्युसेट्सच्या तंत्रविद्यासंस्थेतील प्रयोगशाळेत एक नवा लेझर छपाईयंत्र आला. त्यात कागद अडकत असे. रिचर्ड स्टॉलमन हे तेथील तरुण आज्ञावलीकार. यंत्राची आज्ञावली मिळाली असती तर कागद अडकताच सर्वांना सूचना जाईल अशी दुरुस्ती त्यांनी केली असती. जुन्या यंत्राच्या बाबतीत त्यांनी ती केलीही होती. पण नव्या यंत्राची मूळ संहिता ज्याच्यापाशी होती त्याने ती देण्यास नकार दिला, कारण त्याने न देण्याचा करार केलेला होता. स्टॉलमन यांनी २७ सप्टेंबर १९८३ रोजी 'ग्नू' प्रकल्पाची घोषणा केली आणि १९८९ साली त्यांचा प्रसिद्ध परवाना आला. त्याचा आशय एखाद्या मराठी सनदेत शोभावा असा आहे : ही आज्ञावली वापरा, तिचे अंतरंग पाहा, तिच्यात बदल करा, ती इतरांना द्या, मात्र ज्याला द्याल त्याला हेच सारे हक्क द्या. १९९१ साली फिनलंडमधील लिनस टोर्व्हाल्ड्स या विद्यार्थ्याने लिनक्सचा गाभा लिहिला. 'ओपन सोर्स', म्हणजे मुक्त स्रोत, हे नाव रूढ झाले ते १९९८ साली.

वेबच्या क्षेत्रात पहिले मोठे उदाहरण 'अपॅची'चे. इलिनॉय विद्यापीठाच्या केंद्रातील वेब सर्व्हरची आज्ञावली तिचा कर्ता निघून गेल्यावर निराधार झाली होती. ती वापरणारे लोक आपापल्या दुरुस्त्या एकमेकांना टपालाने, अर्थात संगणकी टपालाने, पाठवू लागले. १९९५ साली त्यांतील आठ जणांनी या दुरुस्त्या एकत्र केल्या. आपल्याकडे बायका घरोघरच्या जुन्या लुगड्यांचे तुकडे जोडून वाकळ शिवतात, तसा हा प्रकार. या वाकळीने जगातील निम्म्याहून अधिक संकेतस्थळे काही वर्षे पांघरली होती.

त्याच १९९५ साली सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीने 'जावा' ही संगणकभाषा प्रसिद्ध केली. जेम्स गॉसलिंग हे तिचे मुख्य कर्ते. एकदा लिहिलेली आज्ञावली कोणत्याही यंत्रावर चालावी, हे तिचे ब्रीद. भाषेच्या अभ्यासकाला तिच्यातील दुसरीच गोष्ट मोलाची वाटते. जावाने जन्मापासून अक्षर म्हणजे युनिकोडमधील अक्षर असे मानले. त्या काळच्या बहुतेक संगणकभाषा रोमन लिपीच्या पलीकडे सहसा पाहत नव्हत्या. जावात मात्र राशींची नावेसुद्धा देवनागरीत ठेवता येतात. मुद्दल, व्याज आणि बेरीज अशी नावे देऊन आज्ञावली लिहिली तर जावा ती विनातक्रार चालवते. या शाळेतील मुलांनी संगणकाच्या तासाला हे अवश्य करून पाहावे.

परंतु अंक ओळखणे निराळे आणि अक्षर उमटवणे निराळे. 'कि' लिहिताना संगणकात आधी 'क' आणि मग ऱ्हस्व वेलांटी साठवली जाते. पडद्यावर वेलांटी आधी दिसली पाहिजे. 'क्ष' हे तीन अंकांचे एक अक्षर. ही जुळणी करणारा एक कारागीर आज्ञावलीत असावा लागतो. छापखान्यात मजकूर जुळवणारा असे, तसाच. आयबीएम कंपनीने 'आयसीयू' नावाचा आपला संग्रह १९९९ साली मुक्त केला, त्यातील असा कारागीर जावाने उचलला आणि २००२ च्या आवृत्तीत हिंदीच्या निमित्ताने देवनागरी जावाच्या पडद्यावर नीट उमटू लागली. पुढे त्याच्या जागी 'हार्फबझ' हा मुक्त कारागीर आला. जावाने तो २०१७ साली स्वीकारला. फायरफॉक्स, क्रोम, अँड्रॉइड, लिबरऑफिस यांतही तोच बसलेला आहे. त्याचे नाव फारसीतले आहे : हर्फ म्हणजे अक्षर, बाझ म्हणजे मोकळे. पेशवाईतील दफ्तरांची सवय असलेल्याला ते परके वाटू नये.

हिंदीच्या निमित्ताने आलेल्या देवनागरीत मराठीचे काय झाले? 'दर्या' आणि 'दऱ्या' हे दोन शब्द पाहा. पहिल्यात रफार, दुसऱ्यात ज्याला आपण चंद्रकोरी 'र' म्हणतो तो. 'आचार्यांना बोलावले' आणि 'आचाऱ्यांना बोलावले' यांत पंगतीचा आणि व्यासपीठाचा फरक आहे. हिंदीला या 'ऱ्या'ची गरज नाही. मराठीला, नेपाळीला आहे. युनिकोडने त्यासाठी वेगळा नियम केला, म्हणून तो आज सर्वत्र उमटतो. 'ॲ' हे अक्षर तर युनिकोडमध्ये २००८ साली आले. त्याआधी 'ॲसिड' लिहायचे तर 'अ'वर चंद्र उसना बसवावा लागे, नाहीतर हिंदी पद्धतीने 'ऐसिड' किंवा 'एसिड' लिहावे लागे. मराठी 'ल' आणि 'श' यांची वळणेही हिंदीहून भिन्न. पान मराठीचे आहे असे वेबपानाच्या संहितेत नमूद केले, तर काही मुक्त फॉन्ट आता ही मराठी वळणे आपोआप दाखवतात.

फॉन्टही मोकळे झाले. मुंबईच्या इंडिकट्रान्स गटाचा 'गार्गी' हा आरंभीच्या मुक्त देवनागरी फॉन्टांपैकी एक. रेड हॅट कंपनीने २००४ साली 'लोहित' हे फॉन्ट मुक्त केले. तिच्या पुण्यातील कार्यालयात मराठी भाषांतराचे पुष्कळ काम झाले. मुंबईच्या 'एक टाइप' या गटाचा 'मुक्ता' आज असंख्य मराठी संकेतस्थळांवर दिसतो. सुलेखनकार र. कृ. जोशी यांनी घडवलेला 'मंगल' हा फॉन्ट विंडोजच्या २००० सालच्या आवृत्तीबरोबर घरोघर गेला. तो मुक्त नव्हता, तरी युनिकोड मराठी सर्वसामान्य माणसाने प्रथम पाहिली ती बहुधा त्याच्याच रूपात, हे सांगितले पाहिजे.

जावाच्या कार्यशाळेतील हत्यारेही याच काळात एकामागून एक मोकळी होत गेली. वेबवर जावा चालवणारे 'टॉमकॅट' सनने १९९९ साली अपॅची प्रतिष्ठानाला दिले. त्याचे मूळ कर्ते जेम्स डंकन डेव्हिडसन यांनीच आज्ञावलीचे सुटे भाग बांधून एकसंध करणारे 'अँट' लिहिले. केंट बेक आणि एरिक गामा यांनी १९९७ साली एका विमानप्रवासात चाचणीचे 'जेयुनिट' लिहिण्यास आरंभ केला. आयबीएमने २००१ साली 'इक्लिप्स' हे लेखनाचे मेज मुक्त केले. 'नेटबीन्स'चा उगम प्रागमधील विद्यार्थ्यांच्या १९९६ च्या प्रकल्पात आहे. आश्चर्य असे की या साऱ्या हत्यारांच्या मधोमध असलेली जावा स्वतः बंदच होती. १३ नोव्हेंबर २००६ रोजी सनने ती स्टॉलमन यांच्याच परवान्याखाली मुक्त करण्याचे जाहीर केले आणि पुढल्या वर्षी ते बव्हंशी पार पडले. २०१० साली ओरॅकलने सन कंपनी विकत घेतली; पण दिलेली सनद परत घेता येत नाही.

विश्वेश्वरय्या तंत्रशास्त्र विद्यापीठाचे मुख्यालय १९९८ पासून बेळगावात आहे. पण बेळगावच्या किंवा निपाणीच्या मुलाला इक्लिप्स उतरवून घ्यायला या विद्यापीठाचे पत्र लागत नाही, किंवा कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाचेही. निपाणीला लागून असलेले देवचंद महाविद्यालय अर्जुननगरला, म्हणजे महाराष्ट्राच्या हद्दीत आहे; तेथला विद्यार्थी रोज राज्य ओलांडून वर्गात बसतो. १ नोव्हेंबर १९५६ रोजी आपला भाग मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला आणि सरकारी कागदाची भाषा पालटली. त्या वादात मी आज शिरत नाही. मला दाखवायचे आहे ते इतकेच की जावाच्या जगात मराठी कशी नोंदली गेली आहे.

प्रत्येक भाषेतील महिन्यांची नावे, वार, अंक, अक्षरक्रम यांचा एक सामायिक कोश २००४ पासून युनिकोड संस्थेच्या छत्राखाली वाढतो आहे. जुन्या जावात भारतीय भाषांपैकी केवळ हिंदीची अशी माहिती होती. २०१४ च्या आठव्या आवृत्तीत हा कोश वापरण्याची सोय झाली, २०१७ च्या नवव्या आवृत्तीत तोच मूळ आधार ठरला आणि त्याबरोबर मराठी जावाच्या घरात आली. 'जनवरी'च्या शेजारी 'जानेवारी' बसली. या कोशात नोंद असते ती भाषा आणि देश अशी : मराठी, भारत. राज्याचा रकाना त्यात नाही, जिल्ह्याचा नाही. सांगलीची मराठी आणि बेळगावची मराठी ही तेथे एकच नोंद आहे. आणि तिच्या शेजारी तितक्याच मानाने कन्नडची नोंद आहे. शब्दांवर मते नोंदवण्याचे त्या कोशाचे संकेतस्थळही जावातच लिहिलेले आहे. सीमेवर राहणाऱ्या भाषेला कोणत्याही कचेरीच्या मंजुरीवाचून मिळालेली ही जागा आहे, आणि मी ती थोडी मानत नाही.

तरीही मुक्त म्हणजे आपोआप होणारे, असे कोणी समजू नये. डिसेंबर २०२१ मध्ये 'लॉग-फोर-जे' नावाच्या जावातील एका साधनात भयंकर छिद्र सापडले. हे साधन म्हणजे आज्ञावलीची रोजकीर्द : काय घडले याच्या नोंदी ठेवणारे. जगातील बड्याबड्या कंपन्या आणि सरकारे ते वापरत होती, आणि त्याची देखभाल करणारे होते मूठभर स्वयंसेवक, आपल्या नोकऱ्या सांभाळून उरल्या वेळात काम करणारे. गावाच्या विहिरीवर पाणी सारे भरतात. गाळ काढायला किती जण उतरतात, हे आपण पाहतोच.

मराठीच्या विहिरीतील गाळ कोणता, ते सांगून थांबतो. शोध घेणाऱ्या मुक्त साधनांपैकी 'ल्युसीन' हे जावातले फार नावाजलेले साधन. डग कटिंग यांनी १९९९ साली लिहिलेले, २००१ पासून अपॅचीच्या घरात. त्याच्या २०११ च्या आवृत्तीत हिंदीसाठी स्वतंत्र विश्लेषक आला आणि भारतीय लिप्यांतील लेखनभेद एकरूप करणारी चाळणीही आली. कोणी 'अ', काना आणि चंद्र सुटे टंकले तरी ती त्याला 'ऑ' समजते. त्या यादीत मराठीचा विश्लेषक नव्हता. हिंदीचा मराठीला का लागू पडत नाही, हे पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही कळेल. हिंदीत 'गुड़ का' असे दोन सुटे शब्द. मराठीत 'गुळाचा' असा एकच, आणि त्यात गूळचा दीर्घ ऊकार ऱ्हस्व झालेला. कापूस शोधणाऱ्याला 'कापसाचा' सापडला पाहिजे, विहीर शोधणाऱ्याला 'विहिरीला', भाऊ शोधणाऱ्याला 'भावाने'. बरे, शेवटचा 'ला' आणि 'त' सरसकट छाटावा, तर 'बंगला'चा 'बंग' होतो, 'संगीत'चा 'संगी' होतो आणि 'वराती'तून 'वरा' एवढाच उरतो! सामान्यरूपाचे नियम मोरो केशव दामले यांनी १९११ सालच्या 'शास्त्रीय मराठी व्याकरणा'त विस्ताराने मांडले आहेत. ते जावाला समजतील अशा रूपात लिहायचे, तर व्याकरण जाणणारा आणि जावा जाणणारा एका बाकावर बसला पाहिजे. या शाळेने दोन्ही प्रकारची माणसे घडवली आहेत.

आणखी एक अडचण खास आपली आहे. १९४६ साली बेळगावात ग. त्र्यं. माडखोलकर यांच्या अध्यक्षतेखाली साहित्य संमेलन भरले आणि संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला. त्याचे वृत्तान्त शोधू पाहणाऱ्याने 'बेळगाव' असे टंकले तर त्या काळच्या छपाईतील 'बेळगांव' आणि 'बेळगांवांत' त्याच्या हाती लागत नाही, कारण अनुस्वारांना रजा देणारे शुद्धलेखनाचे नियम १९६२ चे. १ नोव्हेंबर २०१४ पासून शहराचे सरकारी नाव 'बेळगावी' झाले. तेव्हा नवे कागद तिसऱ्याच रूपाने भरले जात आहेत. 'बेळगावकर', 'बेळगावहून', 'बेळगावचा' हे निराळेच. एकाच गावाची ही सारी रूपे एका शोधात आणणारी यादी तयार करायला जावाही यावी लागत नाही. वही, पेन्सिल आणि जुन्या अंकांचा एक गठ्ठा पुरतो. निपाणी, खानापूर, हुक्केरी, चिकोडी, संकेश्वर या नावांची जुनी रूपे मी गेल्या पावसाळ्यात उतरवून घेतली आहेत. ती वही आज शाळेच्या ग्रंथालयात ठेवतो आहे; संगणक विभागातील मुलांनी ती उतरवून घ्यावी, आणि माझ्या नजरेतून सुटलेली रूपे तिच्यात खाली लिहीत जावीत. मागची पाने कोरीच ठेवली आहेत.